कड्याला जिना लागतो

तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात शिरणारा प्रत्येक म्हातारा आधी भिंत धरायचा. लिफ्ट दर शनिवारी बंदच असे. धाप लागलेल्या पाहुण्याचं मनगट स्पंदनबाबांचा शिष्य लगेच पकडायचा. "एकशे चोवीस! केवढा हा ताण!" मग बाबा त्या पाहुण्याला तांब्याचं कडं चढवत आणि तीन मिनिटं डोळे मिटून बसवत. "कडं विश्वकंपाशी बोलतंय. मधे खोकू नका, लाइन तुटते." पुन्हा नाडी मोजली की अठ्ठ्याऐंशी! टाळ्यांनी छत हादरायचं.

घड्याळजींचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. प्रत्येक आकडा ते स्वतःच्या घड्याळावर पडताळत, आणि तो बरोबर निघे. तिथेच ते फसले. आकडा खरा म्हणजे चमत्कारही खरा, असं त्यांनी धरून टाकलं.

पंचाईत एवढीच की तीन शनिवार झाले तरी त्यांची स्वतःची नाडी एकशे बावीसवरून जेमतेम एकशे चौदावर यायची.

"श्रद्धा कमी," बाबा म्हणाले. "आणि ती इस्पितळातली, धावत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासायची चाचणी रद्द करा. यंत्र पाहून हृदय बुजतं."

घड्याळजींनी खरंच चाचणी रद्द केली. इस्पितळात ती चाचणी घेणारी त्यांची सूनच होती. जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, हे त्यांनी फक्त तिलाच सांगितलं होतं. तिने पुन्हा पुन्हा समजावलं. पण सासरे हट्टाला पेटलेले, म्हणून पुढच्या शनिवारी तीही सोबत निघाली.

खाली तिने लिफ्टवाल्याला विचारलं, "कधी बिघडली?"

"बिघडेल कशाला? बाबा आत्ताच वर गेले. बाकीच्यांना बंद."

सासऱ्यांना छातीचा त्रास आहे म्हटल्यावर त्याने दार उघडलं आणि दोघं लिफ्टने वर गेली. शिष्याने घड्याळजींचं मनगट धरलं. "ऐंशी... थांबा हं." कडं चढलं, तीन मिनिटं झाली. "ऐंशीच."

"लिफ्टच्या विजेने कंप बाटला!" बाबा गरजले.

"मग तुम्ही कसे शुद्ध राहिलात?" सुनेने विचारलं. सभागृहात खसखस पिकली.

तेवढ्यात एक आजी जिना चढून धापा टाकत आल्या. सुनेने त्यांची नाडी मोजली, केसांचं रबर काढून त्यांच्या मनगटात अडकवलं आणि त्यांना खुर्ची दिली. तीन मिनिटांत एकशे सव्वीसची नव्वद झाली.

"अगं बाई, रबरालाही विश्वकंप कळतो!" आजी म्हणाल्या.

"आजी, रबरही नको, खुर्ची पुरे. दमलेला माणूस बसला की नाडी उतरतेच."

सगळे हसले. घड्याळजीही हसले. सून मात्र न हसता सासऱ्यांकडे वळली.

"अण्णा, जिना चढून सगळ्यांची नाडी उतरत होती. तुमची का नाही?"

"श्रद्धा..." ते पुटपुटले.

"दमल्यावर नाडी किती लवकर उतरते, हेच आम्ही पट्ट्यावर बघतो. तुमचं हृदय तीन शनिवार ओरडतंय, आणि हे त्याला श्रद्धा शिकवतायत. घड्याळ मागे पडायला लागलं की गिऱ्हाइकाला काय सांगायचात?"

घड्याळजींनी कडं काढून बाबांपुढे ठेवलं. "उघडून बघू म्हणायचो."

सोमवारी ते पट्ट्यावर उभे राहिले. चौथ्या मिनिटाला डॉक्टरांनी पट्टा थांबवला. पुढच्या तपासणीत दिसलं, हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. ती वेळेत उघडली.

आता ते रोज सकाळी चालायला जातात. कुणी चमत्काराचे आकडे सांगू लागलं की शांतपणे म्हणतात, "आकडा खरा असेल हो. पण मोजण्याआधी माणूस जिन्याने आला की लिफ्टने, तेवढं विचारा."