पालखी प्रत्येक दारी

ओट्यावरची वाटी खाली पडली, ठणठणत दारापर्यंत गेली, आणि मुश्किलीनं जमलेली दुपारची शांतता मोडली. झोळीतलं बाळ कुरकुरलं. अनुपमानं पायानंच झोका दिला. हात मोबाइलमध्ये अडकले होते.

दौंडच्या त्या दोन खोल्यांत ती सकाळपासून नुसती येरझाऱ्या घालत होती. पाचच्या आत व्हिडिओ शिरूरला तालुक्याच्या कचेरीत पोचला नाही, तर तिच्या वर्गातली पोरं स्पर्धेतून बाद. भीमेकाठच्या तिच्या शाळेत इंग्रजी पुस्तकातल्या बर्फाच्या गोष्टीला कुणी तोंड उघडत नसे. म्हणून तिनं गावच्या यात्रेचीच इंग्रजीत गोष्ट रचली. फोटो तिचे, आवाज पोरांचे. मग कार्टी अशी बोलायला लागली, की गप्प करायची पंचाईत.

सगळ्यांत खणखणीत आवाज भाग्यश्रीचा, बुद्धविहाराजवळच्या आळीतल्या पोरीचा. तिनं आईच्या मोबाइलवरून सगळी वाक्यं पाठवली होती. एकच राहिलं होतं: पालखी प्रत्येक दारी थांबते.

शब्द अडला असेल, म्हणून अनुपमानं ते स्वतः म्हणून पाठवलं, मग सोपं करून पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या, आवाज काही येईना. शेवटी तिनं फोनच लावला. भाग्यश्रीच्या आईनं, सीमानं, उचलला.

"पाठ हाय मॅडम तिला. रेकॉर्ड म्हणलं की दातखीळच बसती. आमच्यात देवाचं करत न्हाईत, तरी मी म्हणलं, इंग्रजी येतंय ना, म्हण की."

फोन पोरीकडे गेला. लाज वाटते का, अनुपमानं विचारलं. न्हाई, म्हणाली.

"पालखी मारुतीपासनं माघारी फिरती, मॅडम. आमच्या आळीत येत न्हाई."

अनुपमाचा पाय झोळीवरच थांबला. यात्रेला तिनं चार दारांचे फोटो काढले होते. मग बाळाच्या दुधाची वेळ झाली म्हणून घाईनं दौंडची गाडी धरली होती. पुढची दारं तिनं घरी बसून मनानंच लिहिली होती.

घड्याळाकडे बघत ती म्हणाली, "बरं, राहू दे. तेवढं वाक्य आपल्या वर्गातल्या सत्यजीतला म्हणायला सांगते. तुझी बाकीची आहेत तशी ठेवू."

पलीकडून पोरीनं विचारलं,

"मग ह्या गोष्टीत आमी कुठं ऱ्हातो, मॅडम?"