उशिरा उलटलेलं पान

"आज बी पान उशिरा उलटलंस," ताटात खिचडीचा डाव रिकामा करत सरजाबाई हळूच म्हणाल्या.

हेमा ताट धरून तिथंच थांबली. मागे पाचवीची आख्खी रांग, पुढे वाफाळतं पातेलं आणि मधे ही बाई! सकाळच्या परिपाठात हेमानं उंटाचा धडा कसा धाडधाड वाचला होता. हेडसरांनी सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"कोनतं पान, मावशी?"

"उंटानं हौदात वाकून पाह्यलं म्हटलं की पोरं पान पलटतेत. हा धडा आला तवापासून खिडकीतून ऐकायलेय मी. तू दोन वळी म्होरं गेलीस, मग तुला याद आली. वाचायली न्हाईस तू, पाठ म्हनायलीस."

खरंच होतं ते. अक्षरं हेमासमोर जागेवर बसायचीच नाहीत. घ आणि ध, भ आणि म, बाकावरच्या द्वाड पोरांसारखी एकमेकांच्या जागा बळकावायची. म्हणून रोज संध्याकाळी ती आईकडून धडा तीनदा वाचून घ्यायची आणि सकाळी तोंडपाठ! डोकं असं तल्लख की एक शब्द इकडचा तिकडे नाही. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नव्हता. आणि लागला तो कुणाला, तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाईंना!

"सरांना सांगताल का?"

"काहून सांगू? मला बी वाचायला येत न्हाई. म्हनून तर कळलं. चल, म्होरं हो."

हेमा घास घ्यायचंच विसरली. रोज आहाराच्या फळ्यासमोर उभं राहून 'आज मटकी हाय रे' असं ठणकावून सांगणाऱ्या सरजाबाई? बचत गटात 'चष्मा घरी राह्यला, तू वाच गं' म्हणणाऱ्या? तो चष्मा आजवर एकानंही पाहिला नव्हता, हे हेमाच्या आत्ता लक्षात आलं.

मंगळवारी राजेश्री मॅडम आल्या. शिकताना अडखळणाऱ्या मुलांसाठी त्या जिंतूरहून एसटीनं गावोगावच्या शाळांत जातात. सरजाबाईंनी त्यांना चहा दिला आणि हेमाचं नाव न घेता सगळी माहिती काढून घेतली. नळावर हात धुणाऱ्या हेमाजवळ येऊन म्हणाल्या, "डिस्लेक्सिया म्हनतेत त्याला. डोक्यात काई कमी नसतंय. परभनीच्या सरकारी दवाखान्यात तपासनी फुकट हाय. डाक्टरचा कागूद मिळाला की मॅडम हितंच शिकवतेत, परीक्षेला येळ बी जास्तीचा देतेत. पर आई-बापानं न्यायला पायजे."

"पप्पा न्हाई नेनार. त्यांना वाटतंय मी कलेक्टर होनार."

"हो की मग! कलेक्टरला काय एकाच धड्यावर भागतंय?"

रविवारी सरजाबाई थेट हेमाच्या ओट्यावर. हेमाचे पप्पा, गोविंदराव, दोन शेजाऱ्यांसोबत चहा घेत बसले होते. सगळं ऐकून ते हसले, मग त्यांचा आवाज चढला.

"मावशी, मीठ टाकायचं सोडून डाक्टर कवा झालात? माझ्या पोरीला यडी ठरवायलात का? अन् पुन्यात साडूच्या पोराला ह्याच तपासनीला आठ हजार लागले!"

"हितं फुकट हाय."

"म्हंजे फुकटात यडी ठरवून घिऊ?" त्यांनी पुस्तक मागवलं. "हेमा, दाखव वाचून. तोच उंटाचा."

हेमानं पुस्तक उघडलं खरं, पण धडा म्हणायच्या ऐवजी सरजाबाईंकडे पाहिलं. सरजाबाईंनी पदर नीट केला. एकदा त्या दोन शेजाऱ्यांकडे पाहिलं.

"गोविंदराव, मला वाचता येत न्हाई. फळा मी सकाळी गुर्जींकडून ऐकून घेते. चष्मा-बिष्मा काई न्हाई. शाळंत अठरा वर्सं झाली, रोज भ्या वाटतंय, आज कुनी वळखतंय का म्हनून. तुमच्या भावाच्या लग्नात हजार मानसाचा सैपाक माझ्या अंदाजानं झाला. मी यडी हाय का?"

एक शेजारी कपाच्या आड हसला.

हेमानं पुस्तक मिटलं. मिटलेलं पुस्तक पप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि डोळे झाकून उंटाचा धडा पहिल्यापासून म्हटला, हौदापर्यंत, हौदाच्याही पुढे. मग डोळे उघडले.

"आता दुसरं कुठलंबी पान काढा पप्पा. ते मला येत न्हाई."

गोविंदरावांनी पुस्तक उघडलंच नाही. त्याच आठवड्यात ते स्वतः हेमाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

परभणीला दोन हेलपाटे झाले. कागद मिळाला. मॅडमनी हेमाला पुठ्ठ्याची एक पट्टी करून दिली, मधे एकच ओळ दिसेल एवढी खिडकी कापलेली. दर मंगळवारी सँडपेपरच्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवायचं, मग पट्टी सरकवत वाचायचं. इकडे ओट्यावरची गोष्ट गावभर झाली होती. मोठी पोरं रांगेत खुशाल म्हणायची, "मावशी, फळा वाचा की!" सरजाबाई डाव आपटून म्हणायच्या, "तूच वाच, अन् मला बी सांग." पण फळ्यासमोर त्या आता उभ्या राहत नसत.

जानेवारीत हेमानं स्वतःहून परिपाठात वाचायला मागितलं. नवा धडा! घरी एकदाही न ऐकलेला! पट्टी सरकवत ती एकेक अक्षर पकडू लागली. एका शब्दाला दोनदा मागे गेली. पोरं खुसखुसली, हेडसरांनी नुसता हात वर केला. पूर्वी जेवढ्या वेळात आख्खा धडा व्हायचा, तेवढ्यात पहिल्या पानावरच्या, चित्राखालच्या सहाच ओळी झाल्या. पानाची शेवटची ओळ संपली, तशी तिनं पट्टी उचलली, पान उलटलं आणि पुढची ओळ वाचली. स्वयंपाकखोलीच्या खिडकीत सरजाबाई उभ्या होत्या, हातात डाव तसाच.

तेवढ्यात वास सुटला. अठरा वर्षांत पहिल्यांदा खिचडी बुडाला लागली होती.

दुपारी पोरं नाकं मुरडून जेवली. सगळे गेल्यावर सरजाबाई पातेलं खरवडत बसल्या. हेमानं ताट पुढं केलं.

"मावशी, खरवड मला."

सरजाबाईंनी अर्धी तिला वाढली, अर्धी स्वतः घेतली. मग दोघी पायरीवर बसून करपलेली खिचडी चवीनं खात राहिल्या.