चार वाजता बंद होणारं फाटक

प्रवासाने माणूस मोठा होतो, असं म्हणतात. आमच्या सहलीत बत्तीस माणसं होती आणि त्यातली वीस आधीच साठीच्या पुढे गेलेली होती. त्यामुळे आणखी मोठं व्हायला फारसा वाव नव्हता. बारा दिवस, चार शहरं, नाश्ता-जेवणासकट असं ठरलं होतं. सहाव्या दिवशी त्या देशात युद्ध सुरू झालं. ते मात्र पत्रकात नव्हतं.

मी ताईबरोबर गेलो होतो. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, डाव्या कानाने बहिरी, आणि जगात चांगलं काहीतरी चाललेलं असतंच, यावर तिचा विश्वास. माझा विश्वास मोबाइलवरच्या बातम्यांवर. विमानतळ बंद पडल्याचं मीच सगळ्यांना नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवलं. तेव्हापासून मला कोणी जवळची खुर्ची देईना.

आमच्या मॅनेजरच्या दोन पद्धती होत्या. पहिली मोजणीची. बस सुटण्याआधी तो पुढे उभा राहायचा आणि प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा. ताई अकरा, मी बारा. तिला गोंगाटात नीट ऐकू येत नसे, शिवाय बस लागते म्हणून ती अगदी पुढे बसायची आणि मी पाच रांगा मागे. तेव्हा पहिल्याच दिवसापासून "अकरा, बारा" असं मीच एका दमात म्हणून टाकायचो. आमच्यातले एक रिटायर्ड डेंटिस्टही बायकोचा नंबर असाच आपल्या नंबराला जोडून द्यायचे. मॅनेजरची हरकत नसे. उलट, मोजणी लवकर व्हायची.

दुसरी पद्धत माईकची. मोजणीनंतर बसमध्ये माईक फिरायचा आणि प्रत्येकाने 'आजचा गोड क्षण' सांगायचा. पहिले पाच दिवस कारंजी आणि सूर्यास्त चालले. मग हॉटेलच्या तळघरात आठ दिवस काढावे लागले, पण मॅनेजरने नियम मोडला नाही. "आज पहाटे स्फोट दोनच ऐकू आले," असं डेंटिस्टांनी सांगितलं, त्यावर टाळ्या पडल्या. ताईने सांगितलं, "खोली झाडायला येते ती मुलगी आजपण आली. स्वतःचं घर पडलंय तिचं, आणि आपल्या उशांचे अभ्रे बदलून गेली." टाळ्या त्यालाही पडल्या. पुढच्या दिवशी ती मुलगी आली नाही. तो विषय माईकवर कोणी काढला नाही.

तळघरातल्या नवव्या दिवशी बसची सोय झाली. मॅनेजरने सगळ्यांचे पासपोर्ट पोटाला बांधलेल्या पिशवीत घातले आणि जाहीर केलं, "सीमेवरचं फाटक बरोबर चार वाजता बंद होणार. चार वाजून एक मिनिट झालं, तर आपण इकडचेच."

पाऊण वाजता आम्ही एका पेट्रोल पंपावर डिझेलसाठी थांबलो. रस्त्याने माणसं चालत होती. एकाच्या पाठीवर म्हातारी होती, एकीच्या हातात भिंतीवरचं घड्याळ. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आमचे लोक खाली उतरून पाय मोकळे करून आले. मॅनेजरने दारातूनच, रस्त्यावरून नजर न काढता शिट्टी वाजवली. राजधानीवर काय पडलं ते मी मोबाइलवर वाचत होतो.

"नऊ."

"दहा."

"अकरा, बारा," मी म्हणालो, मान वर न करता.

बस निघाली. पाऊण तासाने धीर देण्यासाठी मॅनेजरने माईक काढला. "चला, आज ताईंपासून सुरुवात! ताई, गोड क्षण?"

पुढच्या सीटवर ताईची पर्स होती. तिचा फोन त्या पर्समध्ये होता. ताई नव्हती.

"नंबर कोणी दिला?" मॅनेजर माईकमध्येच म्हणाला, म्हणून ते फार मोठ्याने ऐकू आलं.

"मी."

"अहो, पण बघून द्यायचा ना!"

"बस वळवा," मी म्हणालो.

ड्रायव्हरला आमची भाषा येत नव्हती, पण त्याने घड्याळावर बोट ठेवलं. मॅनेजरने हिशेब मांडला. परत पाऊण तास, पुन्हा इथवर पाऊण तास, पुढे फाटकापर्यंत दीड. म्हणजे पावणेपाच.

"माणुसकीच्या दृष्टीने वळायलाच पाहिजे," डेंटिस्ट म्हणाले. "प्रश्न एवढाच की एका माणसाची माणुसकी बघायची की एकतीस जणांची."

"तिच्या जागी मी असते तर?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"तू कशाला असशील? तुझा नंबर मी कधी चुकवलाय?"

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मागून कोणी तरी म्हणालं, त्या बाई धीराच्या आहेत, काहीतरी करतील. आणखी कोणी म्हणालं, पंपावर माणसं होतीच की. आठ दिवस ज्यांनी रोज माईकवर जगातला चांगुलपणा सांगितला होता, त्यांनी आता ताईला त्या चांगुलपणाच्या हवाली केलं.

मॅनेजर माझ्या सीटजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला उतरायचं असेल तर दोघांचे पासपोर्ट देतो. मी अडवणार नाही."

बस थांबली. दार उघडलं. बाहेर रणरणतं ऊन होतं, एक जळून काळी पडलेली गाडी होती, आणि दुसरं काहीच नव्हतं. मागचा रस्ता सरळ होता, खूप लांबपर्यंत दिसत होता. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. एक पाय खाली टाकला. लांब कुठेतरी काहीतरी धाडकन पडलं आणि पायरी हलली.

"मी फाटकापाशी थांबतो तिच्यासाठी," मी म्हणालो आणि पाय वर घेतला.

दार बंद झालं.  डेंटिस्टांच्या बायकोने मला, बस लागणाऱ्याला आलेपाकाची वडी द्यावी तशी, पेपरमिंटची गोळी दिली. मी ती खाल्ली. हे सांगायची गरज नव्हती, पण खाल्ली.

सव्वातीनला बस पोचली. पावणेचारपर्यंत सगळे पलीकडे गेले. मॅनेजरने दोन पासपोर्ट माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "पलीकडे चहाची टपरी आहे, तिथे असतो." मी अलीकडे एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसलो. चार वाजले. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे बघायची माझी हिंमत होईना. सव्वाचार झाले. साडेचार. फाटक उघडंच होतं. पहारेकरी मला बघत होता, माझ्या हातातले दोन पासपोर्ट बघत होता. मला वाटलं, त्याला कळलंय. कोणाची तरी वाट बघतोय हे कळलंय, आणि तो हुकूम मोडून फाटक उघडं ठेवतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गणवेशातल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

पाच वाजून दहा मिनिटांनी टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला एक टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई बसली होती. मांडीवर संत्र्याची सालं.

"मेल्यांनी न मोजता गाडी काढली!" उतरता उतरता ती म्हणाली. "बाथरूममधून येते तर बसचा धूर! तू तर वेडापिसा झाला असशील."

"घाई होती सगळ्यांना," मी म्हणालो.

"आणि तू उतरून थांबलास माझ्यासाठी."

मी पासपोर्ट खिशात घातले. ताई तशीही उत्तराची वाट बघत नाही. तिने ड्रायव्हरला दाखवलं, "हा माझा धाकटा भाऊ. बघितलंस? थांबला." ड्रायव्हरने माझ्या खांद्यावर थोपटलं. पंपावर हवा भरणाऱ्या बाईने ताईला सावलीत खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं आणि रस्त्यात आडवं उभं राहून हा टेम्पो थांबवला होता. टेम्पो उलट्या दिशेला चालला होता. ड्रायव्हरने तो वळवला. रस्ताभर ताई मराठीत बोलली, तो त्याच्या भाषेत बोलला, मधेच त्याने एका हाताने संत्रं सोलून दिलं. ताईने आपली शाल त्याच्या सीटवर ठेवली. तो ती परत देऊ लागला, तिने डोळे वटारले. मग तो टेम्पो वळवून आला तसा गेला.

पलीकडे बसमध्ये ताईचं स्वागत झालं. माझ्याकडे तीस माणसांनी बघितलं आणि एकानेही तिला सांगितलं नाही. माईक माझ्याकडे आला, तेव्हा मी पहारेकऱ्याबद्दल सांगितलं. एका अनोळखी माणसाने आमच्यासाठी फाटक तास-दीड तास उघडं ठेवलं म्हणून.  सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या.

घरी आल्यावर ताई येईल त्याला हेच सांगू लागली. बाई, टेम्पो, संत्रं आणि थांबलेला भाऊ. पंपावरच्या बाईला स्वेटर पाठवायचा म्हणून तिने विणायला घेतला आणि पत्ता शोधायचं काम माझ्यावर टाकलं. नऊ दिवसांनी पेपरात सातव्या पानावर, मोटारीच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या. सीमेच्या रस्त्यावरील पेट्रोल पंपावर हल्ला, चौदा ठार. नावं नव्हती. त्या रस्त्यावर पंप एकच होता.

"पत्ता मिळाला का रे?" ताई रोज विचारते.

"शोधतोय."

"बाही लांब करू की अर्धी?"

"लांब कर."

परवा मॅनेजरचा फोन आला. सहलीचा अभिप्राय लिहून हवा होता, शक्यतो तो पहारेकऱ्याचा प्रसंग घालून. पुढच्या पत्रकात छापणार होता.

"तो हुकूम मोडून थांबला, हे नक्की ना?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"हुकूम कसला मोडतोय," मॅनेजर हसला. "अहो, चार ही आपली वेळ. प्रवाशांना कायम दोन तास आधीची सांगायची, नाहीतर कोणी वेळेवर येतं का? दूतावासातल्या माणसाने मला सहा सांगितली होती."

"मग मी बस वळवा म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा कसं सांगणार? सगळ्यांसमोर चार म्हणून बसलो होतो. आयत्या वेळी वेळ बदलली की प्रवाशांचा विश्वास उडतो."

मग मी दूतावासात फोन लावला. तिथल्या माणसालाही प्रवाशांचा माझ्या मॅनेजरइतकाच अनुभव होता; सहा ही त्याची वेळ. ते फाटक चोवीस तास उघडं असतं.