कुलपातली पेटी

रायपूर राजधानी झालं आणि शंकर नगरात गल्लोगल्ली शाळा उगवल्या. फलक एवढे मोठे, की वर्ग त्यांच्यामागे लपावेत! अशाच एका शाळेचे मुख्याध्यापक होते अच्युतराव. त्यांच्या बालवर्गात शिस्त म्हणजे ओठांवर बोट. शाळेत हार्मोनियमची पेटी होती, पण कपाटात, कुलपात. पाहुणे आले की ती निघे, मोठ्या मुली स्वागतगीत गात आणि पाहुणे घड्याळ बघत. लहानग्यांनी तिला हात लावायचा नाही.

तात्यापाऱ्यातल्या, आपल्या जुन्या मराठी वस्तीतल्या माणसांना आठवत असेल, फाटक्या तरटावर बसून आपण सारे पाढे सुरात म्हणत होतो. तेव्हा राजधानी नव्हती, अक्कल होती.

बालवर्गातली रुचिता चार महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. तिचे वडील हिरालाल शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. अच्युतरावांनी त्यांना बोलावून सुनावलं, "पोट्टी मंद आहे. सोमवारपासून घरीच ठेवा."

"सर, घरी तं लय बोलते. इथंच काहून गप्प राहते, मले समजून नाही राहिलं."

"इथं बोलायले बंदी आहे नं, भाऊ!" बालवर्गाच्या वनमालाबाई मधेच म्हणाल्या. त्या रेल्वेच्या शाळेतून निवृत्त होऊन आलेल्या. "सर, तिचं नाव काढण्याआधी मले एक तास द्या. गाण्याचा."

"गाण्याचा? बाई, ही शाळा आहे, वरात नाही!"

"वरातीतला घोडाही तालावर चालते, सर. तुमचे पोट्टे तं पुतळे झाले."

"घ्या तास. पेटी मात्र मिळणार नाही." आणि ते हिरालालना घेऊन बालवर्गाच्या दाराशी आले व खुर्ची टाकून बसले, पोरीची फजिती बघायला!

बाईंनी रुचिताला जवळ घेतलं. "बाबाच्या मिलचा आवाज कसा येते गं?"

रुचिताने दारातल्या वडिलांकडे पाहिलं. मग बाकावर तळवे आपटले. धड-धड-ठण. धड-धड-ठण.

बाईंनी तो ताल टाळ्यांवर उचलला. "वन-टू-थ्री! फोर-फाइव्ह-सिक्स!" सारा वर्ग डोलू लागला, आणि त्यात सगळ्यांच्या वरचा एक आवाज निघाला. रुचिताचा! ती तीसपर्यंत थांबली नाही.

"अजून म्हणशील?"

"हव!"

हिरालालनी गमछ्याने डोळे पुसले. अच्युतराव उठले, कुलूप काढून पेटी घेऊन आले. भाता हलवला. फुस्स! एक सूर निघेना. कित्येक महिन्यांत पाहुणे आले नव्हते; पेटीची मागची फळी कुरतडून उंदरांनी आत पिल्लं घातली होती.

"पाहा सर," बाई म्हणाल्या, "पेटी कोणाच्या कामी आली ते."

अच्युतरावांची मान खाली गेली. "चुकलो, बाई. मंद पोट्टी नव्हती, मीच होतो. ती इथंच शिकेल. उद्यापासून रोजचा पहिला तास गाण्याचा. पेटी दुरुस्त करून वर्गात ठेवू, उघडी."

बंधुभगिनींनो, आपल्या शाळेतही असं एखादं कपाट असेलच. जाऊन उघडा! पाहुण्यांसाठी राखलेलं गाणं उंदीर खातात, आणि ओठांवरच्या बोटामागे लेकरू मुकं होतं.