तळ्याकाठची जागा

सरकार हे नाव तिला नवऱ्यानं ठेवलेलं. लग्न नवं होतं तेव्हा तिनं एकदा घरातलं सगळं सामान त्याला न विचारता इकडचं तिकडं केलं, आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "सरकार, मी कुठं बसू तेवढं सांगा." तेव्हापासून ती सरकार. पुढं लेकानं ते नाव उचललं, सुनेनं पाठीमागं उचललं, जिन्यातल्या शेजारणींनी तर तोंडावर. तिला कधी राग आला नाही. नावाला शोभेल अशीच ती वागत होती.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेचे नव्हेत, पोहण्याचे. गळ्यात शिट्टी अडकवून तलावाच्या काठावर जन्म काढलेला माणूस. पाण्याला भिऊन काठाला चिकटलेलं पोर त्यांच्या एका हाकेवर हात सोडायचं. अशा माणसाला एके सकाळी दाढी करता करता झटका आला आणि उजवं अंग लाकडासारखं झालं. जीभ परत आली, हात थोडाफार आला, पाय मात्र ओढतच राहिला. चार पायांची काठी टेकत पलंगापासून मोरीपर्यंत जायचे, तेही सरकारनं टोचल्याशिवाय नाही.

"उठा आता, पलंगाला मुळं फुटतील."

"फुटू देत. तू पाणी घाल."

असं त्यांचं दिवसभर चालायचं. डॉक्टरांच्या व्यायामानं झालं नसेल तेवढं काम या भांडणानं केलं होतं. पण उंबऱ्याबाहेर? नाव काढायचं नाही. रस्त्यात जुना एखादा विद्यार्थी भेटेल, हळहळेल, 'अरेरे मास्तर' म्हणेल, ते त्यांना नको होतं. झटका आल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला तो फक्त दवाखान्यासाठी, तोही चाकाच्या खुर्चीत बसून.

तळ्याचं खूळ सुनेनं काढलं. गावाबाहेर मोठं तळं होतं, भोवती झाडी, आणि लोक तिथं तंबू ठोकून दोन दिवस राहायचे. "बाबांना मोकळं पाणी दिसेल," ती म्हणाली.

 मास्तर बोलले ते सरकारकडं बघून. "एकदा जाऊन बघू. जमलं, तर पुढं तू म्हणशील तिथं येईन. बाजारात चल म्हणालीस तर बाजारात. पण नाही जमलं, तर पुन्हा मला उठवायचं नाही. कबूल?"

"कबूल," सरकार म्हणाली. हरायची सवय नसली की पैज सोपी वाटते.

जागा ठरवायचं काम सुनेनं अंगावर घेतलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरला होती, लोकांची दुखणी ऐकून तिचा कान तयार झालेला. तिनं कॅम्पवाल्याला इतके फोन केले, की तो नुसत्या 'हॅलो'वर तिला ओळखायला लागला. संडासाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का, आत धरायला दांडा आहे का, वाट फरशीची की खडीची, चढ किती. सगळं विचारून तिनं एक जागा पक्की केली, आणि घरात मात्र यातलं अक्षर बोलली नाही. बोलणार कशी? या घरात तो विषय निघतच नसे. संडासाला जायचं झालं की मास्तर 'आलोच' म्हणत आणि सगळे दुसरीकडं बघत. तीच तिथली रीत, आणि ती सरकारनंच घालून दिलेली.

गाडी कॅम्पवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जागा सपाट होती, वाट गुळगुळीत फरशीची. आणि हाकेच्या अंतरावर संडास-बाथरूमची लांबलचक इमारत. जागेच्या खांबावर चाकाच्या खुर्चीचं पांढरं चित्र रंगवलेलं. खांद्यावर टॉवेल टाकून माणसं समोरून ये-जा करत होती, आणि जाणारा प्रत्येक जण आधी खांबाकडं बघायचा, मग गाडीत बसलेल्या मास्तरांकडं.

"हे काय?" सरकारनं विचारलं.

"आपली जागा, आई."

"आपली? आपण काय इथं येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी मांडायला आलोय?"

"मी मुद्दाम घेतलीय. दार किती रुंद आहे तेसुद्धा विचारून घेतलंय मी."

"मग त्या दारातच थाट बिऱ्हाड. पाणी दाखवायला आणलंस ना त्यांना? कुठाय पाणी? नळाचं?"

लेक डिकीतून तंबूचे बांबू काढत होता, तो तसाच वाकून राहिला. आई आणि बायको यांच्यामध्ये वाकून राहायची त्याला सवय होती.

"असू दे गं, सरकार," मास्तर काचेतून म्हणाले. "मला चालेल."

हे 'चालेल'च तिला चाललं नाही. ज्यांच्या शिट्टीवर शंभर डोकी पाण्यात बुडायची आणि वर यायची, त्यांनी संडासाच्या दाराशी, वर चित्र लावून बसायचं? आणि 'चालेल' म्हणायचं? तिनं पदर खोचला आणि तरातरा कचेरी गाठली.

मॅनेजर गरीब स्वभावाचा होता. "तळ्याकाठची एक जागा आहे मोकळी," तो म्हणाला. "पण मावशी, तुमच्या सूनबाईंनी घेतली ती राखीव जागा आहे. तशी इथं एकच. सोडलीत तर लगेच दुसरं कुणी घेईल, वाट बघणारे असतात. मग परत मागू नका."

"मी थुंकलेलं चाटत नाही," सरकार म्हणाली.

 सुनेनं चटया उचलल्या आणि उतारावरून खाली निघाली. उतार, झाडांची मुळं, आणि पुढं वाळू. खाली जाताना खुर्ची आपोआप गेली. उतरताना सगळंच सोपं असतं.

आणि दुपार अशी गेली, की सरकारला आपलंच खरं वाटावं. पाणी अगदी पायाशी होतं. मास्तरांची खुर्ची काठाला लावली, लेकानं त्यांचे जोडे काढले, आणि लाट येऊन तळव्यांना लागली तसे मास्तर हसले. बाजूच्या तंबूंतली पोरं पाण्यात धिंगाणा घालत होती. थोडा वेळ मास्तरांनी पाहिलं, मग त्यांना राहवेना.

"ए लाल चड्डी! श्वास पाण्यात सोड, पाण्यात! वर येऊन काय सोडतोस, फुगा आहेस का?"

पोरं आधी दचकली, मग जवळ आली. तासाभरात मास्तर 'सर' झाले होते. डावा हात वर करून ते इशारे देत होते, पोरं ओळीनं सूर मारत होती. त्यांच्या आया चटईवर बसून कौतुकानं बघत होत्या. एकीनं सरकारला विचारलं, "सर कुठं शिकवतात?"

"सगळीकडं शिकवलंय," सरकार म्हणाली, आणि सुनेकडं असं बघितलं की कुणालाही कळावं.

सून मात्र दुसरंच बघत होती. "आई, बाबांनी सकाळपासून पाणी नाही घेतलं. चहाही तसाच आहे."

"तहान नसेल. पाण्यात तर बसलेत."

ऊन कललं आणि मास्तरांनी लेकाला खूण केली. 'आलोच,' म्हणाले. आता तोच उतार चढ झाला होता. खुर्चीची पुढची लहान चाकं वाळूत रुतली, बाहेर काढली, मुळाला अडली. लेकानं मागून रेटलं, सुनेनं पुढून ओढलं. शेवटी दोन अनोळखी माणसं धावली आणि चौघांनी मिळून मास्तरांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. मास्तर प्रत्येकाला 'थँक्यू' म्हणत होते. जाताना म्हणाले, येतानाही म्हणाले. एवढं थँक्यू त्या माणसानं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"निदान पाणी घ्या."

"नको."

"ओठ बघा कसे झालेत. का नको?"

 मास्तरांनी फक्त वरच्या इमारतीकडं एकदा बघितलं.  सकाळपासूनचे चहाचे भरलेले कप सरकारला आत्ता दिसले.

ती उठली. गुडघे करकरत असताना तो चढ चढली. राखीव जागा आता ज्यांनी घेतली असेल त्यांच्याशी काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवत होती, कारण मागायचं कसं ते तिला येत नव्हतं. 'अहो, जागा बदलून द्या.' छे. 'अहो, जरा अडचण आहे.' हे बरं.

राखीव जागेवर आता एक तंबू उभा होता. दाराशी एक बाई तरण्या मुलीचे केस विंचरत होती. मुलीचे पाय चादरीखाली काड्यांसारखे दिसत होते. सरकारनं तोंड उघडलं, तोच ती बाई उठून पुढं आली.

"तुम्हीच ना जागा सोडलेल्या? मॅनेजरनं सांगितलं. ताई, तुमचे उपकार कसे फेडू? दर वेळी ही जागा भरलेली. हिला घेऊन आम्ही दारातून परत गेलोय."

मुलगी हसली. "आजी, मी आज पहिल्यांदाच एकटी आंघोळीला जाऊन आले," ती म्हणाली.

जुळवलेलं सगळं बोलणं सरकारनं तिथंच सोडून दिलं. "मौज करा," तेवढं ती म्हणाली, आणि आलेल्या वाटेनं उतरली. सुनेनं विचारलं तेव्हा, "भरलीय," म्हणाली. आणि आडवी झाली.

जाग आली ती पक्ष्यांच्या कल्ल्यानं. उजाडत होतं. शेजारचं अंथरूण रिकामं होतं आणि चार पायांची काठी जागेवर नव्हती.

मास्तर कुणाला न उठवता निघाले होते. पुन्हा चौघांनी उचलायला नको, पुन्हा थँक्यू नको. वाळू पार केली होती त्यांनी, तेही कमीच नव्हे. चढाच्या निम्म्यात काठी मुळांमध्ये अडकली होती आणि ते खाली बसले होते. पडले म्हणावं तर लागलं कुठंच नव्हतं. पण विजार ओली होती, आणि खालची मातीही. वर जाणारी माणसं ब्रश हातात घेऊन थबकली होती. कालची पोरंही होती. "सर," लाल चड्डीवालं पोर म्हणालं आणि पुढं निघालं. त्याच्या आईनं त्याचा दंड धरला. "चल इकडून. बघू नये."

सरकार धापा टाकत पोचली. जीव गेला होता तिचा, आणि जीव गेला की तिची जीभच आधी धावायची. तो तिचा स्वभाव.

"हाक मारायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? लहान आहात का तुम्ही? असं रस्त्यात..."

तिचा आवाज तळ्यावरून फिरून परत आला. सगळ्या कॅम्पनं ऐकला.

मास्तरांनी मान वर केली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते म्हणाले असते, सरकार, तुझ्याच कुलपाची किल्ली शोधत होतो. असं काहीतरी. ती वाटच बघत होती, खरं तर. ते म्हणाले, "चुकलं माझं."

एवढ्या संसारात हे शब्द त्यांनी तिला कधी म्हटले नव्हते. सुनेनं मागून येऊन आपली ओढणी त्यांच्या मांडीवर टाकली आणि सासूकडं बघितलंही नाही. तिनं बघितलं असतं, दोन शब्द ऐकवले असते, तर सरकारला बरं वाटलं असतं.

तंबू उतरवला. निघताना लेक म्हणाला, "बाबा, एकदा पाण्यापाशी नेऊ?" मास्तर म्हणाले, "तुम्हाला उशीर होईल." गाडीत ते पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत बसले. तळं उजवीकडून बराच वेळ दिसत होतं.

पैजेप्रमाणे आता उठवायचं नव्हतं. पण शब्द पाळायला सरकार काही देवमाणूस नव्हे. दुसऱ्याच दिवशी ती पलंगापाशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पैज-बैज काही नाही. मी मोडली. उठा."

मास्तर उठले. काठी घेतली, मोरीपर्यंत गेले, परत आले, बसले.

"अजून एकदा."

पुन्हा गेले. पुन्हा आले.

"आज जिना उतरायचा."

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले, आणि काठी धरून उठायला लागले. तिनंच "राहू दे" म्हटलं. तसे बसले.

ती काय म्हणेल ते ते करत होते. खा म्हटलं की खात होते, झोपा म्हटलं की डोळे मिटत होते. पोटभर पाणीही पीत होते. डॉक्टर म्हणाले, प्रगती आहे. लेक म्हणाला, बाबा किती शहाणे झालेत. सून औषधाच्या गोळ्या डबीत भरता भरता थांबली, सासऱ्यांकडं बघत राहिली.

सरकारनं सगळं करून बघितलं. त्यांच्या मेलेल्या बहिणीला नावं ठेवली. त्यांची शिट्टी भंगारात देते म्हणाली. पोहायला तुम्हाला स्वतःला कधी धड आलंच नाही, असंही म्हणाली. मास्तर ऐकून घेत होते. मान डोलवत होते.

एके दुपारी तिनं चहा केला आणि साखरेऐवजी त्यात चमचाभर मीठ टाकलं. कप त्यांच्या हातात दिला आणि समोर स्टुलावर बसली. एकदा भडका उडू दे, कप भिंतीवर आपटू दे, 'सरकार, डोकं फिरलंय का तुझं' एवढं म्हणू दे.

मास्तरांनी पहिला घोट घेतला. थोडं थांबले. मग सावकाश, एक एक घोट घेत, त्यांनी तो पूर्ण संपवला आणि डाव्या हातानं ओठ पुसले.

"छान झालाय," ते म्हणाले.