देवीच्या गावाचं नाव

आमच्या गावाचं ‘कुंभकर्ण’ करणारे लोक दर आठवड्याला भेटतात. महाराष्ट्रातून आलेल्या बसमधून उतरले की सुरू! मीही सोडत नाही. ‘कुंभकोणम् म्हणा हो, इथं झोपलंय कोण?’ असं मराठीत बजावते. ते आधी गांगरतात आणि मग माझ्या मराठीलाच हसतात. हसोत बापडे. आमचं घराणं इकडे तमिळ मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली, भाषा तिथंच थांबली असेल.

माझी सून कीर्ती सांगलीची. तीही त्या प्रवाशांसारखीच बोलायची. जवळच्या तिरुक्करुगावूर या देवीच्या गावाला ‘तिरुकरगाव’ म्हणायची, जसा काही मिरजेच्या पुढचा थांबा! आम्ही सगळे हसायचो, तीही पोट धरून हसायची.

तिथली देवी गर्भ राखणारी. दिवस गेलेल्या बायका तिच्या पायाशी ठेवलेलं एरंडेल घरी आणून पोटाला लावतात. आम्हीही आणलं. कीर्ती रोज सकाळी ते लावायची आणि ‘तिरुकरगावच्या आई, सांभाळ गं’ म्हणायची.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

कीर्ती रडली नाही. एकदा न्हाणीघरातून पुटपुटणं ऐकू आलं म्हणून दार लोटलं, तर ही ओल्या केसांनी उभी आणि ‘तिरुक्करुगावूर, तिरुक्करुगावूर’ घोकतेय. अगदी आमच्यासारखं, कुठेही न अडखळता.

‘हे काय चाललंय गं?’

‘आई, मी नावच चुकीचं घेत होते. माझी हाक तिला पोचलीच नाही.’

माझं डोकंच फिरलं. ‘काहीतरीच बोलू नकोस! देवी काय पोस्टमन आहे, पत्ता चुकला म्हणून हाक परत पाठवायला? आणि तिला एवढंही कळत नसेल, तर आग लागो तिच्या...’ जीभ चावली मी. पण राग देवीवरच होता, खोटं कशाला बोलू? नाळेतच दोष होता, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही सांगितलं. रविशंकरनं, माझ्या मुलानं, बायकोला परोपरीनं समजावलं. ती मान हलवायची आणि पुन्हा घोकायची.

सुतक फिटल्यावर म्हणाली, ‘मला तिथं न्या.’ मला जायचं नव्हतं. त्या देवीचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती. पण पोरीच्या मनातून ते खूळ काढायचं कसं, हेही कळेना. शेवटी नेलं.

गाभाऱ्यासमोर गुरुजींनी अर्चनेसाठी विचारलं, ‘नाव? नक्षत्र?’ ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव सांगायची पद्धत. मला वाटलं, स्वतःचं सांगेल.

‘सहाना,’ कीर्ती म्हणाली. ‘रेवती नक्षत्र.’

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्यापैकी कुणीच बाळाला नाव दिलं नव्हतं. हिनं दिलं होतं, त्या दिवशीचं नक्षत्रही बघून ठेवलं होतं. गुरुजींना बिचाऱ्यांना काय ठाऊक! खणखणीत आवाजात त्यांनी सहानासाठी आरोग्य मागितलं, दीर्घायुष्य मागितलं. एरवी कुणालाही अडवते मी, त्यांना नाही अडवलं.

‘बाळाच्या कपाळाला लावा,’ म्हणत त्यांनी कुंकू पुढे केलं.

कीर्तीला हात उचलवेना. ती आता कुठं हुंदके द्यायला लागली होती. मी तिला जवळ घेतलं आणि दुसरा हात पुढे केला.

‘लावते हं,’ मी म्हणाले.