चार बोटांचा थर

राहीने पदराची गाठ सोडून काळा तुकडा तपासनीस साहेबांच्या हातावर ठेवला. सरकारी कामावर मुंबईहून बोटीने आलेले ते गृहस्थ तिच्या अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांनी खिशातून पांढरी खरबरीत चकती काढून तिच्यावर तुकडा ओढला. रेघ पक्क्या कोळशासारखी काळी नव्हे, तपकिरी उठली.

"कोळसाच हाय ना, सायब?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

सांगणार कोण? तिचं तिनेच ओळखलं होतं. जांभा फोडून झाल्यावर निळसर माती लागली नि तिच्या पोटात हे काळं. गडी म्हणाले, कुजकं लाकूड. राहीने तुकडा चुलीत घातला मात्र, धूर उठला. शिमग्याला घरी आल्यावर काशीरामच्या सदऱ्याला यायचा तोच वास! नवरा परळच्या गिरणीत बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. चार शिमगे झाले, फिरकला नव्हता. कोळसा दारातच निघाला, तर मुंबईत त्याचं काय अडलंय? वेडीने तसं पत्र लिहवून धाडलं. परवा त्याचं उत्तर आलं, महिनाअखेर नोकरी सोडून येतो म्हणून.

"बाई, इथे एके काळी जंगल होतं," साहेब म्हणाले. "ते गाळात गाडलं गेलं. पण कोळसा व्हायला वरून फार मोठं ओझं पडावं लागतं. तेवढा गाळ इथे साठलाच नाही. त्यात थर चार बोटांचा. पलीकडे तर तोही संपतो."

"म्हंजे कच्चाच रवला."

"कच्चाच."

राहीने विहिरीत वाकून पाहिलं; तळाशी हातभर पाणी साचलं होतं. गप्प बसलं, तर माणूस घरी येणार होता. आणि मग दोघांनी खायचं काय, कातळ?

"सायब, एक पत्र लिवाल?"

त्यांनी कागद काढला. नाव विचारलं, तर तिने नवऱ्याचं नाव-पत्ता असलेलं पत्राचं जुनं पाकीट पुढे केलं. नाव काही तिने घेतलं नाही.

"लिवा, कोळसा नाय निघाला. नोकरी सोडू नका."

"आणखी?"

"इहिरीला पानी लागलं. ग्वाड हाय." तिने पदराची गाठ पुन्हा बांधली. "बास."

साहेब गेल्यावर तिने काठावरचे काळे तुकडे वेचून ओच्यात घेतले. घरात लाकडं होती, तरी ती तशीच ठेवून चुलीत एकेक तुकडा घातला. भात कधीच शिजला होता. राहीने उठून दार लोटलं, खिडकीला गोणपाट लावलं, आणि सदऱ्याच्या त्या वासाच्या धुरात बसून राहिली.